ग्वाल्हेरची थंडी, गोव्याचा पाऊस : चामड्याचे जॅकेट आणि पादत्राणे कशी निवडावीत?

डिसेंबर उजाडला की गोव्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत गर्दी वाढू लागते. वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस सुमारे दीड दिवसाच्या प्रवासानंतर ग्वाल्हेरला पोहोचते. किनाऱ्यावरच्या कोमट हवेतून निघालेला प्रवासी तिथे पाच-सहा अंशांच्या धुक्यात उतरतो. कोणी तानसेन समारोहासाठी आलेला असतो, कोणी ग्वाल्हेर-आग्रा सहलीवर, तर कोणी लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलाला भेटायला. पहिल्याच संध्याकाळी बाजारात पाऊल पडते आणि खुंटीवर टांगलेली चामड्याची जॅकेटे खुणावू लागतात. रुबाबदार दिसणारे एखादे जॅकेट आणि त्याला शोभणारे बूट यांत अनेकांचा महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा खर्ची पडतो.

खरेदीचा तो आनंद पुष्कळदा पुढच्या ऑगस्टपर्यंतच टिकतो. गोव्याच्या पावसाळ्यात कपाट उघडावे तर जॅकेटवर पांढरट बुरशी दिसते, बाह्यांचे पापुद्रे निघालेले असतात आणि दोनदाच घातलेल्या बुटांचा तळ हातात चुरा होऊन येतो. दोष हवेचा मानला जातो. वास्तविक चूक खरेदीच्या वेळीच झालेली असते. जॅकेट आणि जोडे दिसण्यावरून निवडले जातात, ऋतूवरून निवडले जात नाहीत. नाममुद्रा कितीही मोठी असो, वस्तू किती टिकणार हे पाच गोष्टींवर ठरते : चामड्याचा दर्जा, ते कमावण्याची पद्धत, अस्तर, शिवण आणि तळ. या पाचही गोष्टी दुकानात उभ्याउभ्या तपासता येतात.

चामड्याची परीक्षा घेणारे शहर

गोव्याच्या वाचकाला ग्वाल्हेर परके नाही. कोकणातून रामकृष्णबुवा वझे गायनविद्येसाठी याच शहरात गेले होते. शिंद्यांच्या राजवटीमुळे येथे अनेक मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत आणि महाराज बाड्याच्या परिसरात आजही मराठी कानांवर पडते. वस्त्रोद्योगातही शहराचे नाव होते. ‘ग्वाल्हेर सूटिंग’ हे शब्द एके काळी देशभरातल्या कापड दुकानांत दिसत. पादत्राणांची मोठी पेठ असलेले आग्रा येथून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे, तर चामडे कमावण्यासाठी प्रसिद्ध असलेले कानपूरही उत्तरेतच आहे.

या शहराचे हवामान चामड्याची तिहेरी परीक्षा घेते. जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि दाट धुके पडते. मे-जूनमध्ये तो ४५ अंशांपलीकडे जातो आणि ‘लू’ म्हणून ओळखला जाणारा कोरडा, भाजणारा वारा वाहतो. जुलै ते सप्टेंबर या काळात वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो. तो सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे गोव्यातील पावसाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. थंडी, कोरडेपणा आणि ओलावा यांच्याशी चामडे कसे वागते हे एकदा समजले की ग्वाल्हेर, महाबळेश्वर किंवा मडगाव यांपैकी कोठेही निवड करणे सोपे जाते.

हिवाळी खरेदीचे येथील मोठे ठिकाण म्हणजे ग्वाल्हेर व्यापार मेळा. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १९०५ मध्ये सुरू झालेला हा मेळा साधारणतः डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात भरतो. मेळ्यातील दुकान दोन महिन्यांनी उठून जाते, ही गोष्ट महागडी वस्तू घेताना ध्यानात असावी. पक्की पावती आणि विक्रेत्याचा कायमचा पत्ता घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लेबलवरचे शब्द आणि त्यांचे अर्थ

जनावराच्या कातड्याचा वरचा थर सर्वांत घट्ट विणीचा असतो. केसांची सूक्ष्म छिद्रे आणि नैसर्गिक रेषा कायम ठेवून वापरलेल्या या थराला ‘फुल ग्रेन’ म्हणतात. तो सर्वांत मजबूत असतो आणि वापराने अधिक देखणा होतो. वरचा पृष्ठभाग किंचित घासून डाग काढलेले चामडे ‘टॉप ग्रेन’ या नावाने विकले जाते. ते एकसारखे दिसते, पण टिकाऊपणात थोडे उणे पडते. वरचा थर काढून घेतल्यावर उरलेला खालचा भाग म्हणजे ‘स्प्लिट’. त्यावर रंगाचा किंवा प्लास्टिकचा लेप देऊन ते चामडे चकचकीत केले जाते.

‘जेन्युइन लेदर’ हे शब्द सर्वांत फसवे आहेत. हे चामडे आहे एवढेच ते सांगतात. ते कोणत्या थराचे, हे सांगत नाहीत. असे लेबल लावलेली वस्तू पुष्कळदा लेप दिलेल्या स्प्लिटची निघते. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचा भुगा चिकटद्रव्याने जोडून तयार केलेला पत्रा. ‘पीयू लेदर’, ‘व्हीगन लेदर’ आणि आपल्याकडे परिचित असलेले रेक्झिन यांत बहुधा कापडावर प्लास्टिकचा थर चढवलेला असतो. हे पदार्थ वाईटच असतात असे नाही. स्वस्त, हलके आणि पुसायला सोपे म्हणून त्यांचाही उपयोग आहे. मात्र चामड्याचा भाव देऊन ते घेणे म्हणजे निव्वळ तोटा.

खरे-खोटे ओळखण्यासाठी तीन ठिकाणी पाहावे. पहिले, कापलेली कड. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, नकली वस्तूत खाली कापडाची वीण दिसते. दुसरे, पृष्ठभाग. अंगठ्याने दाबल्यावर खऱ्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पसरतात, प्लास्टिकच्या थरावर नुसता खळगा पडतो. तिसरे, छिद्रांची ठेवण. निसर्गात ती कधीच मोजून-मापून केलेल्या नक्षीसारखी नसते. वासावर विसंबू नये, कारण चामड्याचा वास फवारताही येतो.

किमतीचाही एक साधा हिशेब आहे. मध्यम आकाराच्या जॅकेटला साधारण ३० ते ४० चौरस फूट चामडे लागते आणि मेंढीचे एक कातडे सुमारे ५ ते ७ चौरस फूट भरते. म्हणजे एका जॅकेटसाठी पाच-सात कातडी, त्यावर अस्तर, चेन आणि शिलाई. मेळ्यात एखादा विक्रेता साध्या स्वेटरच्या भावात ‘अस्सल’ जॅकेट देऊ करत असेल, तर हा हिशेब मनाशी मांडून पुढे चालू लागावे.

कमावण्याची पद्धत का विचारावी

कच्चे कातडे कुजते. ते टिकाऊ करण्याच्या क्रियेला मराठीत ‘कमावणे’ हा नेमका शब्द आहे. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींतील टॅनिन वापरून कातडे कमावण्याची पद्धत प्राचीन आहे. असे चामडे ताठ आणि दणकट असते, पण पाणी लवकर शोषते आणि त्यावर डाग राहतात. एकोणिसाव्या शतकात क्रोमियमचे क्षार वापरण्याची पद्धत आली आणि आज जगातील बहुतेक चामडे तिनेच तयार होते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ, लवचीक आणि पाण्याला व उष्णतेला अधिक तोंड देणारे असते. जॅकेटे आणि बुटांचे वरचे भाग बहुधा त्याचे असतात. पट्टे, चपलांचे तळ आणि कोल्हापुरी वहाणा या वनस्पतीने कमावलेल्या चामड्याच्या.

हा फरक भिजलेल्या वस्तूच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो. ओल्या चामड्याला उष्णता लागली की त्यातील तंतू आकसतात. वनस्पतीने कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंशांना आकसू लागते, तर क्रोमचे १०० अंशांच्या आसपास. उत्तरेकडच्या हिवाळ्यात घरोघरी हीटर किंवा शेगडी पेटलेली असते आणि धुक्यात ओलसर झालेले बूट तिच्यापुढे ठेवण्याचा मोह होतो. असे वाळवलेले बूट लाकडासारखे कडक होतात आणि बोटांच्या वळणावर भेगाळतात. ते सावलीत, आत कागद भरून वाळवावेत. दोन दिवस लागले तरी चालतील.

हिवाळा : चामडे वारा अडवते, ऊब अस्तर देते

नुसते चामडे फारसे ऊबदार नसते. त्याचा खरा गुण वारा अडवण्याचा आहे. दुचाकीवर त्याचे मोल कळते. हवेचे तापमान ७ अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला सुमारे २ अंशांची थंडी जाणवते. वारा अडला की हा फरक उरत नाही. ऊब मात्र शरीर आणि चामडे यांच्यामध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते, म्हणून जॅकेट घेताना आधी आतले अस्तर पाहावे. पातळ रेशमी अस्तराचे जॅकेट हे गोव्याच्या किंवा पुण्याच्या हिवाळ्यासाठी ठीक. ग्वाल्हेरच्या रात्रीसाठी रजईसारखी टाके घातलेली, मऊ धाग्यांचा थर असलेली बाजू हवी. लोकरीसह कमावलेले मेंढीचे जाड कातडे, म्हणजे ‘शिअर्लिंग’, हे मनाली-काश्मीरसाठी योग्य. ग्वाल्हेरला जानेवारीतही दुपारी ऊन तापते, तेथे ते अंगावर ओझे होते.

या शहरात पहाट आणि दुपार यांतला फरक कधी पंधरा अंशांहून अधिक असतो. त्यामुळे एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा मध्यम अस्तराचे जॅकेट आणि आत लोकरीचा पातळ स्वेटर ही जोडी अधिक उपयोगी. अस्तर चेनने वेगळे काढता येत असेल तर तेच जॅकेट गोव्यात परतल्यावरही वापरता येते.

चामड्याची जात वापर पाहून ठरवावी. मेंढीचे चामडे, ज्याला दुकानदार ‘नापा’ म्हणतात, ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचे असते. ते अतिशय मऊ आणि अंगासरशी बसणारे, पण घर्षणाला नाजूक. समारंभ आणि प्रवास यांसाठी ते उत्तम. शेळीचे चामडे हलके असूनही चिवट असते. रोजच्या वापराला दोहोंचा मध्य साधणारी निवड तीच. गाय-म्हशीचे एक मिलिमीटरहून जाड चामडे दुचाकीस्वारासाठी, कारण पडल्यास ते लवकर फाटत नाही. मात्र अपघातापासून खरे संरक्षण हवे असेल तर खांदा, कोपर आणि पाठ येथे प्रमाणित संरक्षक पट्ट्या बसवलेले स्वाराचे जॅकेटच घ्यावे. फॅशनचे जॅकेट त्याची जागा घेऊ शकत नाही. ‘स्वेड’, म्हणजे आतली मखमली बाजू वर ठेवलेले चामडे, देखणे असले तरी धुक्याचे आणि चहाचे डाग धरून ठेवते.

घडणीचे प्रकारही हवेशी जोडलेले आहेत. तिरक्या चेनचे ‘बायकर’ जॅकेट न्यू यॉर्कच्या शॉट कंपनीने १९२८ मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी काढले. छातीवर एक बाजू दुसरीवर चढत असल्याने समोरचा वारा आत शिरत नाही. वैमानिकांच्या पोशाखातून आलेल्या ‘बॉम्बर’ जॅकेटला कंबर आणि मनगट येथे विणलेली पट्टी असते. ती आतली ऊब धरून ठेवते आणि थंडीत सर्वांत कामी येते. सरळ कापाचे, उभ्या पट्टीच्या कॉलरचे ‘कॅफे रेसर’ सौम्य हवेला पुरेसे. कोटाच्या घडणीचे लेदर ब्लेझर हे बंद सभागृहासाठी. त्याची उघडी कॉलर गळ्याशी वारा अडवत नाही.

माप घेताना आत स्वेटर घालूनच जॅकेट चढवावे. दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारल्यासारखे करावे. पाठ ताणली गेली तर ते लहान आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावर आणि बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. चामड्यात सुईने पडलेले छिद्र बुजत नाही, म्हणून कापडी कोटाप्रमाणे ते पुढे सैल करता येत नाही. कोपऱ्याशी चामडे वापराने थोडे सैलावते, खांद्याशी मुळीच नाही.

थंडीतील पादत्राणे

पायांना गारठा बहुतेक वेळा तळातून येतो. पातळ चामडी तळाचा बूट फरशीची थंडी आत पोहोचवतो, तर रबरी तळाचा ती अडवतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पायी चढणारा रस्ता दगडी आणि उभ्या चढणीचा आहे. धुक्याने ओलसर झालेल्या त्या वाटेवर गुळगुळीत चामडी तळ घसरतो. त्यामुळे खाचा असलेला रबरी तळ, घोटा झाकणारी उंची आणि फुल ग्रेन चामडे हा या दिवसांतला सुज्ञ मेळ.

आणखी एक व्यवहारी बाब. तानसेनांची समाधी, किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा आणि मंदिरे येथे पादत्राणे काढावी लागतात. लांब नाड्यांचे बूट दिवसातून पाच वेळा सोडणे-बांधणे जिवावर येते. बाजूला लवचीक पट्टी असलेले ‘चेल्सी’ किंवा चेन असलेले बूट अशा प्रवासात सोयीचे. नाड्यांचेच हवे असतील तर ‘ऑक्सफर्ड’पेक्षा ‘डर्बी’ घ्यावेत. त्यांची पुढची बाजू अधिक उघडत असल्याने रुंद पंजाला आणि जाड मोज्याला जागा मिळते. थंडीत घट्ट बूट हे ऊब वाढवत नाहीत. रक्ताभिसरण मंदावून पाय अधिक गार पडतात.

बुटांची खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभर चालून पाय किंचित सुजलेले असतात. जाड मोजे घालून उभे राहावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. ‘वापरून सैल होतील’ हे दुकानदाराचे आश्वासन रुंदीबाबत थोडेफार खरे असते, लांबीबाबत कधीच नाही.

उन्हाळा : कोल्हापुरीचे दिवस

एप्रिल ते जून हा ग्वाल्हेरला जॅकेट कपाटात ठेवण्याचा काळ. कोरड्या हवेत चामड्यातील तेलांश उडून जातो आणि ते ताठर होते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर जॅकेट आणि बूट यांना चामड्याच्या क्रीमचा पातळ हात द्यावा. स्वयंपाकाचे तेल लावू नये, कारण ते आत जाऊन खवट होते आणि धूळ धरते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत बूट ठेवू नयेत. बाजारातील बहुतेक बुटांचे तळ चिकटद्रव्याने जोडलेले असतात आणि तापलेल्या बंद जागेत ते सुटू लागतात.

पायांसाठी या दिवसांत उघडी, हवा खेळणारी चामडी चप्पल सर्वोत्तम. कोल्हापुरी वहाण ही कोरड्या उष्ण हवेचीच निर्मिती आहे. वनस्पतीने कमावलेले जाड चामडे रस्त्याची धग पायापर्यंत पोहोचू देत नाही, घाम शोषून घेते आणि काही दिवसांत पायाच्या ठशाप्रमाणे बसते. पारंपरिक वहाणेत खिळा नसतो. थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. राजर्षी शाहू महाराजांनी उत्तेजन दिलेल्या या कारागिरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये इटलीच्या ‘प्राडा’ने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्याने टीका झाली आणि कंपनीला भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य करावी लागली.

या प्रसंगातून ग्राहकाने घ्यायचा बोध सरळ आहे. ‘डिझायनर’ हा शब्द कापाचा, रेखाटनाचा आणि नावाचा भाव सांगतो. चामडे किती चांगले आहे याची हमी तो देत नाही. नामांकित नाममुद्रेचे जॅकेटही पातळ स्प्लिटचे असू शकते आणि गावच्या चर्मकाराची वहाण दहा उन्हाळे काढू शकते.

उत्तरेची ‘जूती’ ही याच ऋतूतील दुसरी देखणी निवड. पारंपरिक जूतीत डावा-उजवा असा भेद नसतो, घालणाऱ्याच्या पायाने तो घडतो. पहिले काही दिवस ती टाचेला लागते, तेव्हा प्रवासात कोरी जूती घालून निघू नये.

पावसाळा : चामड्याने घरी राहावे

ग्वाल्हेरच्या आणि त्याहून अधिक गोव्याच्या पावसात चामडी पादत्राणे घालण्याजोगा ऋतू नसतोच. या चार महिन्यांत रबर किंवा ईव्हीएच्या चपला आणि सँडल वापराव्यात. कार्यालयात चामडी बूट अनिवार्य असतील तर ते तिथेच ठेवून रस्त्यावर रबरी पादत्राणे वापरणे हा सोपा मार्ग. कोल्हापुरी वहाण तर पावसाच्या पहिल्या सरीपूर्वीच उचलून ठेवावी. भिजली की तिचे थर फुगतात आणि वाद्या सैल होतात.

बुटांचा तळ निवडताना येथे एक अल्पपरिचित धोका ध्यानात घ्यावा. अनेक हलक्या, आरामदायी बुटांचे तळ पॉलियुरेथेनच्या फेसाचे, म्हणजे ‘पीयू’चे असतात. हवेतील बाष्पाशी रासायनिक क्रिया होऊन काही प्रकारचे पीयू हळूहळू विघटित होते. त्यासाठी बूट भिजावा लागत नाही. खोक्यात जपून ठेवलेली कोरी जोडीही चार-पाच वर्षांनी लग्नाच्या दिवशी पायातच चुरा होते, त्याचे कारण हेच. नकली चामड्याच्या जॅकेटांचे पापुद्रे निघतात तेही बहुधा याच क्रियेने. गोव्यासारख्या दमट प्रदेशात राहणाऱ्याने तळ रबराचा किंवा टीपीआरचा आहे का हे विचारून घ्यावे आणि पीयू तळाचे बूट घेतलेच तर ते साठवून न ठेवता नियमित वापरावेत.

शक्य असेल तर शिवलेल्या तळाचे बूट घ्यावेत. ‘गुडइयर वेल्ट’ या नावाची शिवण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने होऊ लागली. तीत वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेली असते. झिजलेला तळ काढून नवा बसवता येतो आणि बूट वर्षानुवर्षे चालतो. चिकटवलेल्या तळाच्या बुटाला हे भाग्य क्वचितच लाभते. शिवण दाखवण्यासाठी काही बुटांवर नुसती नक्षीची दोऱ्याची रेघ असते. आत हात घालून आणि तळ वाकवून ती खरी आहे का ते पाहावे. मोच्याकडे एकदा दाखवून ‘याचा तळ बदलता येईल का’ एवढे विचारले तरी पुरते.

ग्वाल्हेरहून गोव्यात आणल्यावर

हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते. गोव्यात पावसाळ्याचे महिनेच्या महिने आर्द्रता याहून अधिक असते. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

• जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. आतला ओलावा कोंडून राहतो. जुन्या सुती चादरीचे आवरण पुरेसे.
• टांगण्यासाठी रुंद खांद्याचा लाकडी हँगर वापरावा. तारेच्या हँगरने खांद्यावर कायमचे उंचवटे येतात. घडी घालून ठेवल्यास घडीवर भेग पडते.
• कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पंधरवड्याने एकदा, उघडीप असलेल्या दिवशी, जॅकेट व बूट पंख्याखाली काढून ठेवावेत. थेट ऊन देऊ नये.
• डांबराच्या गोळ्या चामड्याला चिकटतील अशा ठेवू नयेत. डाग पडतो आणि वास जात नाही.
• बुरशी दिसल्यास वस्तू घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी. नंतर पाणी आणि रबिंग अल्कोहोल समप्रमाणात घेऊन, आधी न दिसणाऱ्या जागी तपासून, किंचित ओलसर फडका फिरवावा आणि सावलीत वाळू द्यावे.
• क्रीम पावसाळा संपल्यावर लावावे. ऐन दमट हवेत लावलेला जाड तेलकट थर बुरशीला पोषकच ठरतो.
• किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडी चेन गंजते. जॅकेटची चेन, बटणे आणि बुटांची कडी पितळेची आहेत का हे विकत घेतानाच पाहावे.

बुटांना एक दिवसाची विश्रांती द्यावी. दिवसभरात शोषलेला घाम रात्रीत पूर्णपणे सुकत नाही. दोन जोड्या आलटून-पालटून वापरल्यास दोन्ही जोड्या अधिक टिकतात.

पैसे देण्यापूर्वी

खरेदीच्या वेळी पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात.

१. चामडे कोणत्या जनावराचे आणि कोणत्या थराचे, हे पावतीवर लिहून मागावे. नुसते ‘लेदर जॅकेट’ असे लिहिलेली पावती वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही.
२. जॅकेटची चेन दहा वेळा वर-खाली करावी. अडखळणारी चेन पुढे दुरुस्तीला सर्वांत आधी येते.
३. काखेखालची आणि खिशांच्या तोंडाशी असलेली शिवण ओढून पाहावी. ताण तेथेच पडतो.
४. पांढरे फडके किंवा हातरुमाल चामड्यावर जोराने घासावा. रंग उतरला तर धुक्यात तो आतल्या सदऱ्यावरही उतरेल.
५. बूट बोटांच्या वळणाशी वाकवावा. लेपाला बारीक तडे दिसले तर चामडे खालच्या दर्जाचे आहे.
६. पादत्राणांवर आयएसआय चिन्ह पाहावे. १ ऑगस्ट २०२४ पासून चामड्यासह अनेक प्रकारच्या पादत्राणांना ते लागू झाले आहे. लहान उत्पादकांना त्यात सवलती आहेत, म्हणून हाताने शिवलेल्या वहाणेवर ते नसल्यास लगेच संशय घेण्याचे कारण नाही.
७. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यापुढील किमतीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. पावतीवरील कर या दराने आहे का ते पाहावे. ‘बिनपावतीचे स्वस्त पडेल’ हा प्रस्ताव स्वीकारला की तक्रारीचा हक्कही हातचा जातो.

चामडे म्हणून प्लास्टिक विकले गेल्याचे घरी आल्यावर लक्षात आले, तर आधी विक्रेत्याला लेखी कळवावे आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यासाठी ग्वाल्हेरला परत जाण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही तक्रार करता येते. पावती, लेबल आणि वस्तूची छायाचित्रे तेवढी जपून ठेवावीत.